आडनावाच्या देशात बारा दिवस

२५ जुलै २०२३, मंगळवार

पोर्तुगालला, लिस्बनमधल्या कॅथलिक तरुणांच्या जागतिक मेळाव्याला निघायच्या दिवशी पावसाने मुंबईला झोडपून काढले होते. एरवी आम्ही गोराईकर खाडी ओलांडून बोरिवली गाठतो, पण पावसाळ्यात होडीचा भरवसा धरता येत नाही, आणि विमान पहाटेचे असल्यामुळे कसलाही धोका पत्करायला आई तयार नव्हती. म्हणून संध्याकाळीच उत्तन-भाईंदरमार्गे गाडीने निघालो. बॅगेत आईने बॉटल मसाल्याची बरणी घातली होती आणि तिच्याखाली, मला न विचारता, सुक्या बोंबलांची पुडी. कपड्यांना वास लागेल म्हणून ती पुडी मी गुपचूप काढून फडताळात ठेवली. याचा मला लवकरच पश्चात्ताप होणार होता.

आजी खाटेवर बसून हे सर्व पाहत होती. १९६४ साली मुंबईत युकॅरिस्टिक काँग्रेस म्हणजे कॅथलिकांचा मोठा जागतिक मेळावा भरला, तेव्हा गावातल्या बायकांबरोबर ओव्हल मैदानावर जाऊन तिने पोप सहावे पॉल यांना पाहिले होते, आणि तेव्हापासून आमच्या घरात पोप या विषयावर अधिकारवाणीने बोलण्याचा मान तिच्याकडेच आहे. तिने माझ्या हातात आपली जपमाळ ठेवली आणि "नीट जवळून बघून ये," एवढेच सांगितले.

आम्ही निघालो होतो त्या मेळाव्याला जागतिक युवा दिन म्हणतात खरे, पण तो एका दिवसाचा नसतो. लिस्बनचा कार्यक्रम १ ते ६ ऑगस्ट असा होता, आणि त्याआधीचे काही दिवस जगभरातून आलेल्या तरुणांनी पोर्तुगालच्या निरनिराळ्या धर्मप्रांतांत, तिथल्या कुटुंबांबरोबर राहायचे होते. मुळात हा मेळावा २०२२ साली व्हायचा, तो कोविडच्या साथीमुळे वर्षभर पुढे गेला. 'मरिया उठली आणि घाईने निघाली' हे लूकच्या शुभवर्तमानातले वाक्य त्याचे ब्रीद होते. आमच्या चौतीस जणांच्या तुकडीतल्या बहुतेकांचे व्हिसा निघण्याच्या चार दिवस आधी हातात पडले, त्यामुळे घाईच्या बाबतीत तरी आम्ही त्या ब्रीदाला जागलो.

मी आणखी एक तयारी करून ठेवली होती, ती उत्तराची. माझे आडनाव परेरा आहे. या आडनावामुळे "तुम्ही गोव्याचे का?" आणि "परेरा असून मराठी इतके चांगले कसे?" हे दोन प्रश्न मी शाळेपासून ऐकत आले आहे. आम्ही ईस्ट इंडियन. आमचे पूर्वज साष्टी, वसई आणि मुंबई बेटांवरचे कोळी, शेतकरी आणि कारागीर. १५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या हाती गेली, त्यानंतर ज्यांचा बाप्तिस्मा झाला त्यांना धर्मपित्याचे किंवा पाद्र्याचे आडनाव मिळाले. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. किल्ल्यावरचे निशाण बदलले, तिथल्या चर्चच्या घंटा भीमाशंकरापर्यंत पोहोचल्या, पण आडनावे जिथल्या तिथे राहिली. पुढे गोवा-मंगळूरहून आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून आपले वेगळेपण कळावे म्हणून आमच्या लोकांनी १८८७ साली 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले. हे सगळे मी इंग्रजीत पाठ केले होते, कारण ज्यांच्या देशातून हे आडनाव आले तिथेही कोणीतरी विचारणारच, अशी माझी खात्री होती.

२६ जुलै, बुधवार

खात्री तासाभरातच खरी ठरली. लिस्बनच्या विमानतळावर पारपत्र तपासणाऱ्या अधिकाऱ्याने माझे नाव वाचले, चेहऱ्याकडे पाहिले आणि सरळ पोर्तुगीजमध्ये बोलायला सुरुवात केली. मला त्यातले 'परेरा' सोडून एकही अक्षर कळले नाही. मी मान हलवली, त्याने शिक्का मारला. माझे पाठ केलेले उत्तर घशातच राहिले.

तिथून बसने उत्तरेकडे लैरियाला. वाटेत ऑलिव्हची झाडे, निलगिरीची वने आणि कोरडे पिवळे गवत. मुंबईचा चिखल अजून बुटांना होता.

२७ आणि २८ जुलै

लैरियाजवळच्या एका खेड्यात मला आणि सांताक्रूझच्या एका मैत्रिणीला एका वृद्ध जोडप्याने आपल्या घरी ठेवून घेतले. घरातल्या आजींना सगळे 'आव्हॉ' म्हणत, म्हणजे आजीच. आम्हीही तेच म्हणू लागलो. त्यांना इंग्रजी येत नव्हते. त्यांचा नातू संध्याकाळी कामावरून येऊन दुभाष्याचे काम करी, पण दिवसभर आम्ही तिघी खुणांवरच होतो.

पहिल्या सकाळी बाहेर जाताना आव्हॉंनी दाराची किल्ली माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाल्या, "शाव्ह." मी म्हटले, "चावी." त्यांनी पुन्हा "शाव्ह" म्हटले, या वेळी जरा शिक्षिकेच्या सुरात. मी पुन्हा "चावी" म्हटले आणि किल्ली हलवून दाखवली. मग त्यांच्या लक्षात आले की मी चुकीचा उच्चार करत नसून माझा स्वतःचा शब्द सांगते आहे. त्या माझा हात धरून स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि एकेका वस्तूवर बोट ठेवू लागल्या. मेझा, आमचे मेज. बाल्द, आमची बालदी. कोव्ह, आमची कोबी. बताता सांगायलाच नको. पावाची लादी दाखवून त्यांनी 'पाँव' म्हटले, तेव्हा मैत्रीण इतक्या जोरात हसली की शेजारीण डोकावून गेली. लसणीपाशी मात्र खेळ थांबला. लसूण आमची आम्हीच ठेवली होती.

शेवटी आव्हॉंनी मला परसात नेले. तिथे हिरव्या, अजून टणक फळांनी लगडलेले एक झाड होते. त्यांनी माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावर टिचकी मारली, मग झाडाच्या खोडावर थाप मारली आणि म्हणाल्या, "परेरा." माझ्या आडनावाचा अर्थ नासपतीचे झाड असा आहे, हे मला वयाच्या बाविसाव्या वर्षी लैरियाच्या परसात कळले. गोराईला आमच्या अंगणात पायरी आंब्याचे झाड आहे, आणि त्या आंब्याचे नावही याच शब्दावरून पडल्याचे सांगतात. म्हणजे आमच्या घराच्या आत आणि बाहेर एकच झाड उभे होते आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता.

रात्री जेवायला खारवून वाळवलेला कॉड मासा होता. त्याला तिथे बाकल्याव म्हणतात आणि तो सणासुदीला, पाहुण्यांना, कोणत्याही निमित्ताने करतात. रात्रभर पाण्यात भिजत घातलेल्या त्या माशाचा वास घरभर पसरला आणि मला गोराईच्या किनाऱ्यावरच्या, बोंबील वाळत घालायच्या वलांडी आठवल्या. फडताळात राहिलेली पुडी इथे किती शोभली असती, या विचाराने घास गोड लागेना. बॉटल मसाला मात्र आव्हॉंनी दोन बोटांत चिमटीभर घेऊन हुंगला, शिंकल्या, आणि बरणी आपल्या मिठाच्या शेजारी ठेवून दिली.

जेवणानंतर त्यांनी नातवाकरवी विचारले की माझे पूर्वज भारतात कधी गेले. या प्रश्नात काहीच वाईट नव्हते, तरी मला तो लागला. मी माझे पाठ केलेले उत्तर पूर्ण दिले; नातू वाक्यावाक्याला थांबवून त्याचे भाषांतर करत होता. चिमाजी अप्पांचे नाव त्याने तीनदा विचारले. सगळे ऐकून झाल्यावर आव्हॉ बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी एकच प्रश्न केला, तुमचे आधीचे आडनाव काय होते? आणि त्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते.

२९ जुलै, शनिवार

फातिमा. १९१७ साली १३ मे ते १३ ऑक्टोबर या काळात लुसिया, फ्रान्सिस्को आणि जसिंता या तीन मेंढपाळ मुलांना जिथे पवित्र मातेचे दर्शन झाले, ते हे ठिकाण. मी त्याच्याविषयी इतके ऐकले होते की प्रत्यक्षात ते पाहून काही वाटेल की नाही, याचीच मला भीती होती. प्रचंड फरसबंद मैदान, एका टोकाला जपमाळेच्या मातेचे पांढरे बॅसिलिका, दुसऱ्या टोकाला २००७ साली उघडलेले नवे गोल बॅसिलिका, आणि मधे एका बाजूला दर्शनाचे छोटेसे खुले चॅपल. उतारावरून चॅपलपर्यंत गुळगुळीत दगडाची एक पट्टी गेली आहे, आणि तिच्यावरून माणसे गुडघ्यांवर चालत येतात. माझ्यापुढे एक तरुण बाप कडेवर तान्हे मूल घेऊन गुडघ्यांवर चालला होता. त्याची बायको शेजारून दुधाची बाटली घेऊन उभ्याने चालत होती.

मी खरी थबकले ती मेणबत्त्यांच्या जागी. तिथे माणसाच्या उंचीच्या मेणबत्त्या मिळतात, आणि मेणाचे हात, पाय, डोके, छाती, तान्ही बाळे. वांद्र्याला मोत माउलीच्या पायऱ्यांवर टोपल्यांत मांडलेली असतात तीच ही बाळे आणि तेच हे पाय. गुडघा दुखतो त्याने पाय वाहावा, मूल हवे त्याने बाळ वाहावे. आमच्याकडे अनेकदा सुशिक्षित ख्रिस्ती माणसे हे सारे अडाणीपणाचे म्हणून नाक मुरडतात. मीही मुरडले आहे. इथे युरोपातली नीटनेटकी, चष्मा लावलेली माणसे मेणाचा पाय काखेत मारून रांगेत उभी होती. ज्वाळांमुळे जवळ उभे राहवत नव्हते. टेकवलेल्या मेणबत्त्या क्षणात वाकत आणि खालच्या पन्हाळीत मेण ओघळून जाई. एक मेणाचा हात बोटांकडून वितळत गेला, आधी करंगळी, मग अंगठी घालायचे बोट. आईने सांगितलेली मेणबत्ती मी लावली आणि आजीसाठी एक लहानशी विकत घेऊन बॅगेत ठेवली.

पवित्र मातेच्या मूर्तीच्या मुकुटात १९८१ साली पोप दुसरे जॉन पॉल यांना लागलेली गोळी बसवलेली आहे. रात्री साडेनऊला मेणबत्त्यांची मिरवणूक निघाली. जपमाळेचा एकेक भाग वेगवेगळ्या भाषांतून म्हटला जात होता. मराठीची पाळी येणार नव्हती, म्हणून मी आणि मैत्रीण 'नमो मरिये' आमच्यापुरतेच म्हणत राहिलो.

३१ जुलै, सोमवार

निरोपाच्या वेळी आव्हॉ रडल्या, आम्हीही रडलो. लिस्बनमध्ये आमची सोय एका शाळेच्या व्यायामशाळेत होती; लाकडी जमीन, चटया, दीडशे माणसांना आठ न्हाणीघरे. रात्री खिसे रिकामे करताना त्यातून आव्हॉंच्या दाराची चावी निघाली.

१ ऑगस्ट, मंगळवार

सकाळ टपाल कार्यालयात गेली. मेळाव्यामुळे रांग रस्त्यापर्यंत आलेली, आणि चावीसाठी जाड पाकीट लागते हे माझा नंबर आल्यावर कळल्यामुळे पुन्हा मागे. दीड तासाने चावी रवाना झाली.

संध्याकाळी एडवर्ड सातवा उद्यानात उद्घाटनाची मिस्सा, म्हणजे चर्चची मुख्य उपासना झाली, लिस्बनचे पॅट्रिआर्क म्हणजे तिथले प्रमुख धर्मगुरू, कार्डिनल मानुएल क्लेमेंते यांच्या हस्ते. या ब्रिटिश राजाने १९०३ साली लिस्बनला भेट दिली होती, म्हणून उद्यानाला त्याचे नाव. मुंबईकराला हा राजा परका नाही. काळा घोडा ज्याच्यामुळे काळा घोडा झाला, त्या घोड्यावरचा स्वार तोच. मूळ पुतळा १९६५ साली तिथून हलवला आणि तो आता राणीच्या बागेत आहे, हे मी शेजारच्या पोलिश मुलाला उत्साहाने सांगितले. त्याने विनयाने मान डोलावली.

२ ऑगस्ट, बुधवार

सकाळी धर्मशिक्षणाचा वर्ग, दुपारी बेलें. या भागात जेरोनिमोस मठ आहे आणि त्यात वास्को द गामाची कबर आहे. पण त्या दिवशी तिथे पोपमहोदयांची संध्याप्रार्थना असल्यामुळे बंदोबस्त होता आणि आम्हाला बाहेरूनच समाधान मानावे लागले. समोरच्या बागेत पापनिवेदनासाठी ओळीने लाकडी कक्ष मांडले होते, आणि ते पोर्तुगालच्या तुरुंगांतल्या कैद्यांनी बनवलेले होते. आजी ज्याला कुमसार म्हणते, ते मी इंग्रजीत केले. पापे इंग्रजीत सांगितली की जरा सौम्य वाटतात, असा माझा अनुभव आहे. बागेचे नाव वास्को द गामा उद्यान होते. फादरांनी बिल्ल्यावरचे आडनाव वाचून मी कुठली असे विचारले, तेव्हा मी "मुंबईची" एवढेच म्हटले.

३ ऑगस्ट, गुरुवार

पोपमहोदयांच्या स्वागत समारंभाला आम्ही एडवर्ड सातवा उद्यानात दुपारी बारापासून जागा धरून बसलो. पोप फ्रान्सिस तेव्हा ८६ वर्षांचे होते आणि जून महिन्यातच त्यांच्या पोटावर शस्त्रक्रिया झाली होती. ते चाकांच्या खुर्चीतून येतील आणि थोडेसे वाचून जातील, असे मी गृहीत धरले होते. त्यांची उघडी गाडी आमच्या कठड्यापासून बरीच लांबून गेली. पांढरी टोपी आणि हलणारा एक हात, इतकेच मला दिसले.

मग ते बोलू लागले. समोरचे कागद त्यांनी जवळजवळ बाजूलाच ठेवले. चर्चमध्ये सर्वांना जागा आहे, असे म्हणून त्यांनी "तोदोस, तोदोस, तोदोस" असे तीनदा उच्चारले, म्हणजे सगळे, सगळे, सगळे. आणि मग प्रत्येकाने ते आपापल्या भाषेत आपल्याबरोबर म्हणावे, असे सांगितले. आमची तुकडी क्षणभर गोंधळली. मुंबईच्या चर्चमध्ये आमचे बहुतेक सगळे इंग्रजीत चालते, त्यामुळे बऱ्याच जणांनी इंग्रजीच शब्द उच्चारला. कोकणी, तमिळ, मल्याळमही ऐकू आले. मी, माझी मैत्रीण, उत्तनचे तिघे आणि वसईहून येऊन कांदिवलीत राहणारा एक मुलगा, असे सहा जण ओरडलो, "सगळे, सगळे, सगळे!" लाखो लोकांच्या कल्लोळात सहा जणांचा आवाज तो काय, पण पुढच्या रांगेतली ब्राझीलची मुलगी वळून बघू लागली आणि तिने तो शब्द आमच्याकडून दोनदा म्हणवून घेतला. 'ळ' काही तिला जमला नाही.

४ ऑगस्ट, शुक्रवार

संध्याकाळी त्याच उद्यानात क्रूसाची वाट, म्हणजे येशूच्या क्रूसापर्यंतच्या वाटचालीची प्रार्थना झाली. आपण कधी रडतो का, कशासाठी रडतो, हे प्रत्येकाने मनात आठवावे, असे पोपमहोदयांनी सांगितले आणि ते थांबले. मी त्या शांततेत काय आठवले ते इथे लिहिणार नाही.

५ ऑगस्ट, शनिवार

आज जागरणाची रात्र, म्हणून सगळे लिस्बन चालत तेजू नदीकाठच्या पार्क तेजूकडे निघाले होते. ऊन असे की मुंबईचा मे महिना बरा; आपल्याकडे निदान घाम येतो, इथे कातडी नुसती भाजते. रस्त्याकडेच्या इमारतींतून बायका बागेला पाणी घालायच्या नळ्यांनी आम्हाला भिजवत होत्या. तीन तासांच्या चालीत आमच्यातल्या एकीला चक्कर आली. स्वयंसेवकांनी तिला सावलीत बसवून मीठ-साखरेचे पाणी दिले आणि संध्याकाळपर्यंत ती गाणी म्हणत होती.

ज्या जमिनीवर आम्ही चटया पसरल्या तिचा काही भाग म्हणजे एकेकाळची शहराची कचराभूमी आहे, असे एका स्थानिक मुलाने सांगितले, आणि त्याला वाटले की मी नाक मुरडीन. मी मात्र घरी आल्यासारखी बसले. गोराईचे डम्पिंग ग्राउंड २००७ साली बंद झाले. त्याचा वास खाडीवरून कसा येई, हे आमच्या घरातले कोणीही सांगेल. आता त्यावर माती आणि गवत आहे. तिथे पंधरा लाख माणसे प्रार्थनेला बसतील, असे मात्र आमच्या कोणाच्या मनात कधी आले नव्हते. त्या रात्री पार्क तेजूत जमलेल्यांचा आकडा तेवढाच सांगण्यात आला.

शेजारच्या चटईवर पूर्व तिमोरच्या मुली होत्या. त्यांतल्या एकीने माझा बिल्ला पाहिला आणि काही न बोलता आपला बिल्ला उलटा करून दाखवला. तिचेही आडनाव तेच. आम्ही दोघी एकमेकींकडे पाहून इतके हसलो की तिच्या मैत्रिणींना कारण सांगायला वेळ लागला. तिने मला काही विचारले नाही, मीही तिला विचारले नाही. दोघींनाही उत्तर माहीत होते. तिने मला भाजलेल्या मक्याचे दाणे दिले, मी तिला मोत माउलीचे छोटे चित्र दिले. रात्री परमप्रसादाची आराधना सुरू झाली आणि एवढ्या गर्दीत नदीवरचा वारा ऐकू येऊ लागला. पलीकडे वास्को द गामा पुलाचे दिवे लागले होते. १९९८ साली खुला झालेला हा पूल सुमारे १७ किलोमीटरचा आहे, आणि आपला अटल सेतू तेव्हा अजून खुला व्हायचा होता.

६ ऑगस्ट, रविवार

सकाळी सातच्या सुमारास छातीत धडधड होऊन जाग आली. मला वाटले उन्हाचा त्रास. प्रत्यक्षात व्यासपीठावर गियेर्म पैशोटो नावाचे पोर्तुगीज धर्मगुरू डीजे होऊन संगीत वाजवत होते. गणपतीत आणि गावच्या सणाला डीजे लावू नका म्हणून सांगणारे आमचे फादर चटईवर उठून बसले होते, आणि त्यांचा पाय ठेका धरत होता.

रूपांतराच्या सणाची मिस्सा झाली. भिऊ नका, हे पोपमहोदय पुन्हा पुन्हा सांगत होते. शेवटी पुढचा मेळावा २०२७ साली सोल येथे होणार असल्याचे त्यांनी जाहीर केले, तेव्हा कोरियाची मुले झेंडे घेऊन धावत सुटली. तिमोरची परेरा मला मिठी मारून गर्दीत मिसळली. तिचा फोन नंबर घ्यायचा राहून गेला.

८ ऑगस्ट, मंगळवार

गोराईत पाऊस होता. आजी त्याच खाटेवर परातीत तांदूळ निवडत बसली होती. तिने आधी जपमाळ परत मागून घेतली, मग विचारले, "जवळून बघितलेस ना?"

"आपल्या दारापासून जेटी जितकी लांब आहे ना, तितके लांब होते."

"मग मी जवळून पाहिले होते," ती समाधानाने म्हणाली.

मी तिला फातिमाची मेणबत्ती दिली. तिने ती नाकाशी धरून हुंगली, उलटसुलट करून पाहिली आणि आईला म्हणाली, "आता पेटवू नका ही. सप्टेंबरात मोत माउलीला जाऊ तेव्हा घेऊन जाऊ."